देवळाली कॅम्पातलं जुनं सॅनिटोरियम: शिलालेख एक साल सांगतो, कौलं दुसरंच. इमारत नेमकी कधीची?

गोदाकाठ (प्रश्न)

नाशिकजवळ देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या बाजूला एका पारशी ट्रस्टची हवापालटासाठी बांधलेली बैठी इमारत आहे. काळ्या दगडाच्या भिंती, पुढे लांब ओसरी, एका रांगेत आठ ब्लॉक, मागे वेगळे बावर्चीखाने. दुरुस्तीआधी इतिहासाचं टिपण करायचं आहे. हाती असलेली माहिती अशी:

१. मधल्या दारावर गुजराती लिपीतला संगमरवरी लेख. ख्रिस्ती तारखेचा भाग फुटलाय. उरलेलं वाचता येतं: रोज (दिवस) १० आवां, माह (महिना) ५ अमरदाद, यझदगर्दी (पारशी सन) १२६७. खाली दात्याचं नाव आणि "मरहूम" आईचं नाव.

२. छपरावर मंगलोरी कौलं. खाली काढलेल्या काहींवर 'बासेल मिशन १८६५', काहींवर 'कॉमनवेल्थ'.

३. ओसरीवर लोखंडी तुळया. दोनवर 'टाटा' वाचता येतं.

४. आत नक्षीच्या सिमेंट फरशा, बावर्चीखान्यात शहाबादी.

प्रश्न तीन. १२६७ म्हणजे इसवी सन किती? इमारत त्या सालची धरायची की कौलांच्या सालची? आणि गावात "इथे क्षयाचे रोगी ठेवत" असं बोललं जातं, ते कसं पडताळायचं?

---

रोजमाह

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थेट देता येतं. यझदगर्दी सालात नवरोजपासून डिसेंबरअखेरपर्यंत ६३० मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत ६३१. शहेनशाही या पारशी पंचांगात लीप दिवस नाही, वर्ष ३६५ दिवसांचंच. त्यामुळे नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतो. आज तो १५-१६ ऑगस्टला येतो, १८९७ मध्ये १५ सप्टेंबरला होता. तिथून चार महिने म्हणजे १२० दिवस मोजले की अमरदादचा पहिला रोज १३ जानेवारी १८९८ ला येतो. आवां हा महिन्याचा दहावा रोज. तुमचा दिवस २२ जानेवारी १८९८.

दात्याचं घराणं कदमी पंचांग पाळणारं असेल तर तीच रोज-माह एक महिना आधी पडते, म्हणजे २३ डिसेंबर १८९७. त्या हिशेबात ६३१ ऐवजी ६३० लागतात आणि सालच बदलतं. मुंबईच्या पारशांत शहेनशाही बहुसंख्य, म्हणून पहिला पर्याय अधिक संभवतो. पण लेखात "कदमी" असा शब्द फुटक्या भागाजवळ अर्धवट उरलाय का, ते तिरका टॉर्च धरून एकदा बघाच.

साल एकाने चुकण्याचा असाच घोळ गुजराती हिंदू आणि जैन ट्रस्टांच्या पाट्या वाचतानाही होतो, म्हणून इथेच लिहून ठेवतो. तिथे विक्रम संवत असतो आणि गुजराती संवत कार्तिकात बदलतो. कार्तिक प्रतिपदा ते डिसेंबर असेल तर ५७ वजा, जानेवारी ते दिवाळी असेल तर ५६ वजा. लोक सरसकट ५७ वजा करतात आणि वर्षातल्या दहा महिन्यांच्या तारखा एका सालाने मागे जातात.

आता लेखाचा अर्थ. "मरहूम" आईच्या नावाने दिलेल्या लेखावरचा दिवस बहुधा तीनपैकी एक असतो: मृत्यूचा, देणगीचा किंवा उघडण्याचा. क्रियापद वाचा. "बंधावी" असेल तर बांधकाम, "खुल्ली मूकी" असेल तर उद्घाटन, नुसतं नाव आणि रोज-माह असेल तर तो दिवस मृत्यूचाही असू शकतो. त्या एका दिवसावर सगळी इमारत टांगू नका.

दात्याचं नाव हाती आहे ही मोठी सोय. बमनजी बेहरामजी पटेल यांनी सुरू केलेल्या 'पारसी प्रकाश' या गुजराती नोंदग्रंथात पारशी समाजातले मृत्यू, देणग्या, समारंभ तारखेवार नोंदलेले आहेत. १८९७ आणि १८९८ ही दोन्ही सालं पाहा. मुंबईत फोर्टातल्या के. आर. कामा संस्थेत तो बघायला मिळेल. त्याच आठवड्यातला 'मुंबई समाचार' आणि 'जामे जमशेद' पाहिलात तर उद्घाटनाची बातमी असेल तर सापडेल. बातमीत बहुधा कंत्राटदार, खर्च आणि खोल्यांची संख्या येते. तेव्हा किती ब्लॉक होते ते कळलं की आठांपैकी मूळचे कुठले, हे ठरवायला आधार मिळतो.

---

चुनाविटा

दुसऱ्या प्रश्नावर. साहित्यावरून मिळते ती "याच्या आधीची नाही" एवढीच मर्यादा, आणि तीसुद्धा त्या एका भागापुरती. 'टाटा' लिहिलेली तुळई १९१२ नंतरची आहे यावरून ओसरी तशी आहे एवढंच ठरतं, भिंत नाही.

कौलं. 'बासेल मिशन १८६५' मधलं १८६५ हे या जर्मन-स्विस मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल. ते पुढे कित्येक वर्षं छापलं जात होतं. तेव्हा त्या कौलावरून "१८६५ ची इमारत" म्हणणं चूक, आणि ही चूक नेहमी दिसते. 'कॉमनवेल्थ' मात्र उपयोगाचं: पहिल्या महायुद्धात मिशनचा व्यवसाय ब्रिटिशांनी ताब्यात घेतला आणि नंतर तो कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. ते कौल युद्धानंतरचं.

मोजणी अशी करा. छपराच्या दोन्ही उतारांवरून, पागोळीजवळून, मधून आणि कण्याजवळून मिळून निदान २५ कौलं उचलून मागचा शिक्का टिपा. कण्याजवळची आणि पन्हाळीजवळची नेहमी दुरुस्तीत बदललेली असतात, म्हणून त्यांचं प्रमाण वेगळं लिहा. मधल्या भागात बहुतेक बासेल आणि कडेला कॉमनवेल्थ असेल तर छप्पर आधीचं आणि दुरुस्ती नंतरची. सगळीकडे सरमिसळ असेल तर सगळं छप्पर एकदा उतरवून परत चढवलंय.

त्याहून खात्रीचा पुरावा कौलांखाली आहे. मंगलोरी कौलाच्या रिपा साधारण १२ ते १३ इंचांवर असतात. वाशांवर त्याशिवाय दुसऱ्या अंतरावरच्या खिळ्यांची जुनी भोकं दिसली तर आधी वेगळं आच्छादन होतं, नळीची कौलं किंवा पत्रा. निदान पाच वाशांवर, प्रत्येकी दोन मीटर लांबीत भोकांची अंतरं मोजून कागदावर काढा. खिळे चौकोनी ठोकीव आहेत की गोल तारेचे, हेही लिहा, पण केवळ चौकोनी खिळ्यावरून जुनेपण ठरवू नका. स्थानिक लोहार ते पुढेही बनवत होते.

लोखंड. 'टाटा' असेल तर १९१२ च्या आधीची नाही, कारण टाटांच्या साकचीच्या (आजचं जमशेदपूर) कारखान्यात पोलाद त्या साली निघायला लागलं. विलायती तुळयांवर 'डॉर्मन लाँग', 'फ्रॉडिंगहॅम', 'लॅनार्कशायर' अशी नावं तुळईच्या उभ्या पट्टीवर उठावात असतात. रंगाचे थर खरवडू नका, तिरक्या उजेडात बहुतेक वाचता येतात. दारांवर किंवा मोरीवर जुने रेल्वेचे रूळ घातले असतील तर त्यांच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि बनवल्याचं साल असतं. मात्र रूळ भंगारात निघायला कित्येक वर्षं जातात, तेव्हा ते साल इमारतीच्या बरंच आधीचं असू शकतं.

फरशा. सुटलेली एकच फरशी उलटून बघा, चिकटलेली उखडू नका. मागे 'भारत' असेल तर १९२२ नंतरची, ती कंपनी त्या साली मुंबईत सुरू झाली. मागे 'मिन्टन' आणि 'स्टोक' असेल तर ती भाजलेली विलायती, तिचा रंग आतपर्यंत जातो. सिमेंट फरशीत रंगाचा थर वरच्या काही मिलिमीटरपुरताच असतो, फुटक्या कडेला तो स्पष्ट दिसतो.

तुमच्या माहितीवरून अंदाज सांगायचा तर मागच्या दगडी भिंती १८९८ च्या आसपासच्या, आणि ओसरी, छप्पर, आतली जमीन १९२० नंतरच्या एका मोठ्या दुरुस्तीतली. पडताळा सोपा आहे: ओसरीचे पाये आणि मुख्य भिंत जिथे मिळतात तिथे दगड एकमेकांत गुंफलेत की नुसते टेकलेत, ते पाहा. सरळ उभी भेग असेल तर ओसरी नंतर जोडलेली.

---

दप्तरी

कागदांची वाट सांगतो. आधी एकच गोष्ट नक्की करा: जागा छावणीच्या हद्दीत आहे की बाहेर. लॅम रोडवर दोन्ही प्रकार आहेत आणि चुकीच्या कचेरीत महिने जातात.

छावणीच्या आत असेल तर सातबारा नाही, मालमत्ता पत्रकही नाही. तिथे जनरल लँड रजिस्टर असतं, बोलीत जीएलआर. छावणी जमीन प्रशासनाच्या १९३७ च्या नियमांप्रमाणे ते ठेवलं जातं. सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, वर्ग, मालक, वहिवाटदार, हक्काचं स्वरूप असे रकाने असतात. वर्ग बी-३ दिसला तर जमीन सरकारची, वहिवाट खाजगी. "ओल्ड ग्रँट" असा शेरा असेल तर ट्रस्टचा हक्क इमारतीवर, जमिनीवर नाही. दुरुस्तीच्या परवानगीलाही ते महत्त्वाचं. छावणी परिषदेचं कार्यालय आणि संरक्षण संपदा अधिकारी, दोन्हीकडे विचारा, कारण कुठला भाग कोणाच्या देखरेखीत आहे त्याप्रमाणे नोंदी विभागलेल्या असतात. नुसता उतारा मागू नका. "या सर्व्हे क्रमांकाची भाडेपट्ट्याची किंवा परवानगीची फाईल, साइट प्लॅनसह" असं मागा. साइट प्लॅनमध्ये त्या दिवशी उभ्या असलेल्या इमारती आखलेल्या असतात, तिथेच ब्लॉक मोजता येतात. ही केंद्राची कचेरी, माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राच्या नियमाने, शुल्क १० रुपये.

बाहेर असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक किंवा सातबारा घ्या, पण तो शेवटचा अंक. मागे जायचं तर फेरफार नोंदी क्रमांकाने उलट्या चढत जा. हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली, त्याआधीचं फेरफारात मिळणार नाही. त्याआधीसाठी बिनशेतीची सनद शोधा. १८७९ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ६५ खाली शेतजमीन इतर कामाला वापरायची परवानगी लागायची. सनदेत वापराचा हेतू लिहिलेला असतो आणि मागे नकाशा जोडलेला. मोजणीच्या टिपण आणि फाळणीच्या नकलाही मागा.

ट्रस्टचे कागद नाशिकला शोधू नका. ट्रस्टचं मुख्य कार्यालय मुंबईत असेल तर नोंदणी मुंबईच्या धर्मादाय आयुक्तांकडे, वरळीत. नोंदवहीचा उतारा म्हणजे परिशिष्ट १, लोक त्याला पीटीआर म्हणतात. त्यात स्थावर मालमत्तेचं वर्णन आणि उद्देश येतो. पण सगळ्यात भरीव कागद असतो मूळ नोंदणीचा अर्ज, परिशिष्ट २. सार्वजनिक ट्रस्टांचा १९५० चा कायदा लागू झाल्यावर जुन्या ट्रस्टांनी तो भरला आणि सोबत मूळ ट्रस्टडीडची नक्कल जोडली. त्याआधी पारशी ट्रस्टांसाठी १९३६ चा वेगळा नोंदणी कायदा होता, त्या कायद्याखालची जुनी विवरणंही फाईलमध्ये आहेत का ते विचारा. पुढे विश्वस्त किंवा मालमत्ता बदलली की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज. मालमत्ता विकायचा कधी प्रयत्न झाला असेल तर कलम ३६ ची फाईल हवीच. त्यात मूल्यांकनाचा अहवाल असतो, बांधकामाचं वय, क्षेत्रफळ, नकाशे सगळं एकत्र.

नोंदणीकृत दस्त. इथे अनेकांची गाडी अडते. नाशिकच्या दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स २ (नोंदलेल्या दस्तांची सूची) शोधला आणि काही निघालं नाही म्हणून सोडून देतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात कलम ३०(२) होतं, त्याप्रमाणे मुंबईच्या निबंधकाकडे देशातल्या कुठल्याही मिळकतीचा दस्त नोंदता येत असे. २००१ च्या दुरुस्तीत ते गेलं. मुंबईच्या विश्वस्तांनी आपला दस्त मुंबईतच नोंदवला असणार हे गृहीत धरून तिथेही शोध घ्या, नावाने आणि मिळकतीच्या गावानेही.

पुराभिलेख. महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. सामान्य, लष्करी आणि सार्वजनिक बांधकाम या तीन विभागांच्या १८९६ ते १८९९ च्या सूच्या चाळा. "सॅनिटोरियम" या शब्दाखाली लष्करी आरोग्यधामंही येतात आणि देवळालीत लष्कराचाच कारभार मोठा, तेव्हा हाती येणाऱ्या बहुतेक नोंदी सैनिकांच्या असतील. "देवळाली, जमीन, पारशी" या शब्दांनी शोधलंत तर कमी वेळ जाईल. नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८३ चं आहे, १६ वा खंड. तुमच्या इमारतीच्या आधीचं असल्याने त्यात ती असणार नाही, पण तेव्हाच्या देवळालीचं चित्र मिळतं.

राज्य सरकारच्या कचेरीत माहितीचा अर्ज देताना दोन गोष्टी: मजकूर १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय. पाच कागद एका अर्जात मागितले की परत येतो.

---

गोदाकाठ

रोजमाह, लेख परत पाहिला. "बंधावी" स्पष्ट आहे. "कदमी" कुठे दिसत नाही. चुनाविटा, ओसरीचा पाया नुसता टेकलेला आहे, उभी भेग वरपासून खालपर्यंत. मुख्य भिंतीचे सांधे चुन्याचे आहेत. म्हणजे १८९८ पक्कं समजू ना?

---

हत्ती_दगड

चुन्यावरून पक्कं समजू नका. या भागात चुन्याची कामं १९४० च्या दशकातही होत होती. सिमेंट पोरबंदरला १९१४ मध्ये निघायला लागलं, पण ते गावोगाव स्वस्तात मिळायला बराच काळ गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यावर नियंत्रण आलं तेव्हा लोक परत चुन्याकडे वळले. आठही ब्लॉकांचा चुना एकच आहे का, हा खरा प्रश्न. मला तरी आठ ब्लॉकांची रांग एका दमात बांधलेली वाटत नाही. देणग्या येतील तसे दोन-दोन ब्लॉक वाढवायची पद्धत होती. म्हणून खोल्यांच्या दारांवर वेगळ्या नावांच्या छोट्या पाट्या आहेत का बघा.

नमुना घ्यायची रीत: पहिल्या, चौथ्या आणि आठव्या ब्लॉकच्या भिंतीतून प्रत्येकी १०० ग्रॅम, सांध्यात ५ सेंटिमीटरच्या आतून. वरचा भाग नंतरच्या दरजा भरण्याचा असतो, तो घेतलात तर दुरुस्तीचं वय मोजाल. पावसाच्या माऱ्याची बाजू आणि मोरीजवळची भिंत टाळा. प्रयोगशाळेत आम्लात विरघळवून चुना आणि वाळूचं प्रमाण आणि वाळूची चाळण करून घ्या. प्रमाण जुळलं आणि वाळू वेगळी निघाली तरी काम वेगवेगळ्या वेळचं असू शकतं. घरी आम्ल टाकून फेस येतो का बघण्यात अर्थ नाही, जुन्या सिमेंटलाही फेस येतो.

आणि दुरुस्तीचं निघालंय म्हणून: दगडी सांध्यात सिमेंटच्या दरजा भरू देऊ नका. भिंतीतला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो, सिमेंटने ती वाट बंद झाली की तो दगडातून आणि आतल्या गिलाव्यातून निघतो, क्षार फुलतात, गिलावा फुगतो. वर आधी भरलेल्या सिमेंटच्या दरजा असतील तर छिन्नीने हळू काढा, ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात.

---

ओसरी

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही. महाराष्ट्रात "सॅनिटोरियम" या एका नावाखाली दोन वेगळ्या संस्था चालत होत्या. एक, समाजाच्या ट्रस्टांची हवापालटाची घरं: देवळाली, लोणावळा, खंडाळा, माथेरान. दुसरी, क्षयाची रुग्णालयं: पाचगणीचं डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये सुरू केलेलं, आज रेडक्रॉसकडे असलेलं बेल-एअर, किंवा मिरजेजवळ वानलेसवाडीचं. गावच्या आठवणीत दोन्ही मिसळतात.

इमारतीच्या आखणीवरून बरंच कळतं. तुमच्या वर्णनात प्रत्येक ब्लॉकमागे वेगळा बावर्चीखाना आहे. म्हणजे कुटुंब येऊन स्वतः रांधून राहायचं. क्षयाच्या रुग्णालयात स्वयंपाकघर एकच, मोठं आणि वॉर्डापासून लांब. तिथली ओसरी खाटा ओळीने लावून रोगी दिवसरात्र ठेवायला असते, म्हणून खोलीचं दार खाट निघेल एवढं रुंद आणि उंबरा नसलेलं. तुमच्या दारांची रुंदी मोजा. तीन फुटांच्या आत आणि उंबरा असेल तर खाटा ढकलायची सोय नव्हती. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा गोल केलाय का बघा, धूळ साचू नये म्हणून रुग्णालयांत तसा करत. आवारात थुंकी जाळायची भट्टी, एक्स-रेची खोली, परिचारिकांची वेगळी राहायची जागा यांपैकी काही नसेल तर रुग्णालयाचा दावा कमजोर.

१८९८ हेही लक्षात ठेवा. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघड झाला, त्यानंतर मोकळ्या हवेत राहायची सोय करण्याला वेगळाच अर्थ आला. ट्रस्टडीडमध्ये प्लेगचा उल्लेख आहे का, हे पाहण्यासारखं आहे.

एखाद-दुसरा क्षयी माणूस कुटुंबासोबत येऊन राहिला असणं मात्र अगदी शक्य. औषध नव्हतं तेव्हा डॉक्टर हवा बदलायलाच सांगत. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आलं, आणि १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासातून दिसलं की घरी राहून औषध घेतलं तरी रोगी सॅनिटोरियममधल्याइतकाच बरा होतो, घरच्यांना लागण वाढत नाही. त्यानंतर जगभरची क्षयाची आरोग्यधामं रिकामी पडत गेली. तुमच्या इमारतीत राहायला येणारे कमी झाले ते याच काळात की पुढे लोक हॉटेलांकडे वळल्यावर, हे ट्रस्टच्या वार्षिक हिशेबांतून कळेल. भाड्याच्या उत्पन्नाची ओळ सालवार उतरवून काढा.

छापील नियमावली मिळाली तर आधी "कोणास जागा मिळणार नाही" हे कलम वाचा. संसर्गजन्य रोग्यांना मनाई असेल तर तिच्या छपाईचं सालही टिपा. मनाईचा नियम मूळचा आहे की नंतर घातलाय, त्यावर अर्थ बदलतो.

---

दप्तरी

ओसरी यांच्या मुद्द्याला जोडून: नियमावली ट्रस्टच्या कपाटात नसेल तर ट्रस्टच्या कारभाराची योजना ठरवण्याचा अर्ज, १९५० च्या कायद्याचं कलम ५०अ, कधी झाला होता का ते धर्मादाय आयुक्तांकडे विचारा. त्या फाईलला जुने नियम जोडलेले असतात.

आणि नकाशाचं राहिलंच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकांत देवळाली ४७ ई/१३ मध्ये येतं. एक इंच एक मैल मापाच्या जुन्या आवृत्तीत इमारत म्हणजे फक्त काळा ठिपका, आठ ब्लॉक मोजता येणार नाहीत. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ठिपका कुठल्या आवृत्तीत पहिल्यांदा येतो एवढं बघा, आणि त्या पत्रकाच्या खाली छापलेलं पाहणीचं साल घ्या, छपाईचं नाही.